साखळीपुरतं दार

१

दिपा दार कधी पूर्ण उघडायची नाही. आतून साखळी लावलेली असायची, आणि साखळी ताणली जाईल तेवढंच, चार बोटांचं दार उघडायचं. त्या फटीत तिचा अर्धा चेहरा दिसायचा. एक डोळा, एक कुडी, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी.

"देवेश घरी नाहीये."

"मग हे कागद देशील त्याला?"

कागद, म्हणजे त्याने वाचावेत म्हणून आणलेले माझे अर्जांचे मसुदे, फटीतून आत जायचे. मी बाहेर राहायचे.

देवेश आणि मी लॉ कॉलेजला एका बाकावर होतो. सुट्टीच्या दिवशी वीटभट्ट्यांवर जायचो, कातकरी कुटुंबांना त्यांचे हक्क समजावून सांगायचो, अर्ज लिहून द्यायचो. पुढे दोघं मिळून पनवेल कोर्टात काहीतरी करून दाखवणार, हे मी धरूनच चालले होते. तसं आम्ही कधी बोललो नव्हतो. बोलावं लागेल असं मला वाटलंच नव्हतं. मग त्याने ओवे गावच्या दिपाशी लग्न केलं, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे नोकरी धरली आणि विचुंब्याच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागले आणि त्याच्या इमारतीच्या मागच्याच गल्लीत खोली घेतली. कोर्टात जायला सोयीची आहे, असं घरी सांगितलं. सोयीची अजिबात नव्हती.

हेवा ही मागासलेली भावना आहे, शिकल्या-सवरल्या माणसाला ती विचाराने संपवता येते, असं माझं मत होतं. नाही संपत. मला तिच्या पडद्यांचा हेवा वाटायचा. फटीतून येणाऱ्या फोडणीच्या वासाचा वाटायचा. "अंघोळीला गेलाय" हे ती ज्या सहजतेने म्हणायची त्या सहजतेचा तर सगळ्यात जास्त.

एकदा त्या दारासमोर पेन शोधताना माझ्या पर्समधून डबी खाली पडली. निळ्या मीनाकामाची, गोल, झाकणावर पोपट आणि पोपटाच्या डोळ्याचा खडा गळून पडलेला. परीक्षेच्या वर्षापासून मला झोप लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी तीत ठेवते.

"छान आहे गं. कुठली?" फटीतून दिपाने विचारलं.

"देवेशने दिलीय. कॉलेजात असताना."

हे मी मुद्दाम सांगितलं. मग तिने फटीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून. "बघू."

मी डबी पर्समध्ये टाकली आणि जिना उतरायला लागले. वळणावरून मागे पाहिलं, तर तो हात अजून तसाच बाहेर होता.

२

पावसाळा संपता संपता दिपा एका सकाळी अंथरुणात मेलेली सापडली. देवेश कामासाठी पुण्याला गेला होता, पहाटे परतला. किल्लीने दार उघडलं. साखळी लावलेली नव्हती, असं त्याने पोलिसांना सांगितलं.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. पुढे व्हिसेराचा अहवाल आला. पोटात झोपेचं औषध होतं, आणि भरपूर. पण पहिल्या पंचनाम्यात घरात गोळ्यांचं पाकीट, बाटली, काहीच मिळालं नव्हतं. तोवर देवेशने फ्लॅटला कुलूप लावलं होतं आणि तो कळंबोलीला बहिणीकडे राहायला गेला होता. पुन्हा घर बघू द्या म्हटलं तर तो नाही म्हणत होता.

"माजी बहीन साकली लावल्याशिवाय झोपायची नाय," देवेशच्या प्रकरणाची चौकशी करायला मी पोलीस ठाण्यात गेले तेव्हा दिपाचा भाऊ विठू तिथे बसून म्हणत होता. "साकली काडली कोनी? तिनं कोनाला आत घेतलं? आनि गोल्या कसल्या? तिला झोप जाम. बसल्या जागी झोपायची."

सब-इन्स्पेक्टर निकेश भगत माझ्याच वयाचा होता. नवीन भरती, इस्त्रीचा गणवेश, सावध बोलणं. "घरमालक नाही म्हणतोय, मॅडम. घुसायचं कसं?"

"घुसायचं नाही. मॅजिस्ट्रेटकडून झडतीचं वॉरंट घ्यायचं. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम शहाण्णव. माणूस वस्तू स्वतःहून देणार नाही असं वाटत असेल, तर कोर्ट वॉरंट देतं. संशयास्पद मृत्यू आहे, अहवाल हातात आहे, अजून काय हवं? अर्ज मी आत्ता लिहून देते."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"सत्याच्या."

विठूने माझ्याकडे पाहिलं. "त्याचं घर कुटं हाय म्हनं? आमी बी जाऊन येतो."

हसा हवं तर. देवेश निर्दोष आहे हे मला माहीत होतं. वीटभट्टीवर उन्हात उभा राहून दुसऱ्यासाठी भांडणारा मुलगा मी पाहिला होता. पण बंद घर माणसाला लोकांच्या तोंडी गुन्हेगार करतं. विचुंब्यात तो दिसला की बायका पोरांना जवळ ओढून घेत होत्या. घर उघडलं की माणूस सुटतो, असं मी निकेशलाही सांगितलं; मला एवढंच हवं होतं. मला ते दार पूर्ण उघडलेलं बघायचं होतं, हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

वॉरंट निघालं. मी लोखंड बाजारात देवेशला भेटायला गेले. बाहेर ट्रकमधून सळ्या उतरत होत्या, त्यामुळे एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं.

"मी नाही येणार तिथे," तो म्हणाला. "तुझ्या नावाने पत्र देतो. माझ्या वतीने तू हजर राहा."

कायद्यात तशी सोय आहे. घरमालक नसेल तर त्याच्या वतीने कुणीतरी झडतीला हजर राहू शकतं. मी मान हलवली. आतून मला इतका आनंद झाला की मी खाली बघितलं.

त्याने किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "समृद्धी, आत फार हात लावू नकोस कशाला. तिला आवडत नाही."

"आवडायचं नाही, असं म्हण."

बाहेर सळ्यांचा गठ्ठा खाली पडला. मला बाकीचं ऐकू आलं नाही, की त्याने काही म्हटलंच नाही, ते सांगता येत नाही.

३

झडती सकाळी होती, लख्ख उन्हात. निकेश, हवालदार गोरख म्हात्रे आणि दोन पंच. पंच त्याच भागातले, प्रतिष्ठित आणि कुणाच्या बाजूचे नसलेले हवेत. त्यातले एक सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांचा फोन कानापासून सुटत नव्हता. दुसरे शमुएलकाका, पहिल्या मजल्यावर राहणारे निवृत्त बँक अधिकारी. आमच्या भागातलं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घर ते एकच, बाकीचं कुटुंब केव्हाच परदेशी गेलेलं. त्यांनी आपल्या दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थना ठेवलेल्या छोट्या नळीला, बोटं लावली, ती ओठांना टेकवली आणि ते काठी घेऊन आमच्याबरोबर जिना चढायला लागले.

"वकीलबाई, तुमच्या कायद्यात म्हाताऱ्याला लिफ्टची तरतूद करा," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली इमारतीला, लिफ्ट अजून कागदावर आहे. सेक्रेटरीसाहेबांना विचारा."

सेक्रेटरीसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

नव्या कायद्याने झडतीचं चित्रण बंधनकारक केलंय. गोरखहवालदारांनी मोबाइल काढला आणि ते माझ्या मागे, जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. मी किल्ली फिरवली. कुलूप सुटलं. दार ढकललं.

चार बोटं उघडलं आणि अडकलं.

आतून साखळी होती.

मग सगळे एकदम बोलले.

"आत कोण आहे? पोलीस!" निकेशने दार वाजवलं. आतून पंख्याचा आवाज येत होता, जुना पंखा फिरताना येतो तसा, एका ठेक्यात टक् टक्. बाकी काही नाही.

"दार आपटलं की साकली उडून बसते कदी कदी," गोरखहवालदार म्हणाले. "आमच्या मेव्हन्याकडं झालंय. सुतार बोलवायला लागला."

"आणि पंखा?"

"पंखा काय, राह्यला असंल चालू. बिल येल तवा कलंल."

मी त्यांचं ऐकून घेतलं. मलाही तेच पटत होतं. साखळीचं टोक खाचेत नीट, तळापर्यंत बसवलेलं फटीतून दिसत होतं, तरी पटत होतं. निकेशने सेक्रेटरींना सुतार आणायला सांगितलं. घरात शिरू देत नसतील तर वॉरंट असताना दार तोडता येतं. इथे शिरू देत नव्हतं कोण, हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि मीही विचारला नाही.

"तोवर अंगझडती उरकून घेऊ," तो म्हणाला.

४

झडतीच्या आधी पोलिसांनी आणि पंचांनी घरमालकाला स्वतःची अंगझडती द्यायची, अशी पद्धत आहे. खिसे उलटे करायचे, हात वर करायचे. म्हणजे आत सापडलेली वस्तू यांनीच आणून टाकली, असं नंतर कुणाला म्हणता येत नाही. कायद्यातली ही गोष्ट मला फार आवडते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने आधी स्वतःचे खिसे दाखवायचे.

आणि त्या दिवशी घरमालकाच्या जागी मी होते. दिपाच्या दाराला पाठ लावून मी उभी होते आणि माणसं एकामागून एक माझ्यासमोर हात वर करत होती, घरच्या बाईसमोर करावेत तसे. निकेशच्या खिशात रुमाल. शमुएलकाकांच्या खिशात जपमाळेसारखे फिरवत राहायचे म्हणून ठेवलेले काजू. गोरखहवालदारांच्या खिशात कापडी पिशवी.

"भाजी न्यायची हाय," ते म्हणाले. "पंचनाम्यात लिवू नका, मालकीनबाई."

मालकीणबाई. मला ते किती गोड लागलं हे सांगायला लाज वाटते.

"आता माझी," मी म्हणाले.

निकेश गोंधळला. "तुमची कशाला? तुम्ही घरातर्फे आहात."

"पण बाहेरून येतेय ना मी? पर्स आहे माझ्याकडे. उद्या कुणी बोट दाखवलं तर? पद्धत म्हणजे पद्धत."

"महिला कॉन्स्टेबल दुसऱ्या बंदोबस्ताला गेल्यात, मॅडम. आम्हाला नाही घेता येत."

तेही बरोबर होतं. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि तीही सभ्यतेचं काटेकोर भान ठेवून. कायद्याचे शब्दच तसे आहेत.

"बाय लागंल," गोरखहवालदार हसत म्हणाले. "आत कोनी असंल तर इचारा."

मला घाई झाली होती. सुताराची वाट बघायची, महिला कॉन्स्टेबलची वाट बघायची, सगळ्या गोष्टीत वाट बघायची याचा मला संताप येतो. मी दाराकडे तोंड केलं, फटीसमोर उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले.

"घे बाई," मी म्हणाले. "ही माझी अंगझडती."

थट्टाच होती. गोरखहवालदार हसले. शमुएलकाका हसले नाहीत.

फटीतून वारा आला. थंड, बंद घराचा. तो आधी खांद्यांना लागला. मग काखेखाली, मग कमरेला, दोन्ही बाजूंनी. वारा असा थांबत थांबत येत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. घाई नव्हती त्यात. उगाच रेंगाळणंही नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. हात मात्र खाली घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत ते मला माहीत आहे. मी घेतले असते तर ती जिंकली असती.

कुठेतरी चेन सरकल्याचा बारीक आवाज झाला.

मग आत साखळी सुटली. खाचेतून सरकत गेली, खाली पडली आणि दारावर आपटत दोन-तीनदा झुलली. दार आपोआप, हळूहळू, भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.

"तुमी ढकाललंत काय, मॅडम?" गोरखहवालदारांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. माझे हात अजून वरच होते.

५

पंखा बंद होता. पाती अगदी स्थिर, त्यांच्या कडेला धुळीची रेघ. याबद्दलही आम्ही कुणी बोललो नाही.

मी किती वेळा ते घर मनात सजवलं होतं. प्रत्यक्षात ते साधंच होतं. फोमचा सोफा, भिंतीवर लग्नाचा फोटो, टीव्हीखाली क्रोशाचा रुमाल. स्वयंपाकघरात डब्यांची उतरंड, प्रत्येक डब्याचं तोंड एका रेषेत. मी हात मागे बांधून फिरत होते, तरी तिने सगळं माझ्यापासून वाचवण्यासाठी आवरून ठेवलंय असं वाटत होतं. फ्लॅट मोठा नव्हता. पण मी ज्या खोलीत जाईन तिथून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं व्हायचं, आणि पुढच्या खोलीत तेच.

दाराजवळच्या चपलांच्या रॅकवर कागदांची चळत होती. वरचा कागद मी ओळखला. माझा मसुदा. खालचाही माझा. गेल्या दोन वर्षांत फटीतून आत सरकवलेले माझे सगळे कागद तिथे होते, टाचण्यांसकट, एकही उघडलेला नाही. "वाचतोय म्हणे, वेळ मिळाला की सांगेल," असं ती मला सांगायची. देवेशला माझा एकही कागद मिळाला नव्हता. मी इतके दिवस त्याच्याशी बोलत होते असं मला वाटत होतं, आणि बोलत होते हिच्याशी.

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की ती मेलेली आहे हे मी विसरले.

"मॅडम, इकडे या," निकेशने आतून हाक मारली.

झोपायच्या खोलीत पलंगावर दोन उशा होत्या. भिंतीकडच्या उशीला अजून डोक्याचा खळगा होता. निकेशने हातमोजा घातला, गोरखहवालदारांनी मोबाइल जवळ नेला, दोन्ही पंच वाकले. उशी उचलली गेली.

खाली निळी डबी होती. झाकणावर पोपट. पोपटाला डोळा नव्हता.

माझा हात पर्सकडे गेला. वरचा कप्पा उघडा होता. मी तो कधी उघडा ठेवत नाही. आत रुमाल, पेन, खोलीची किल्ली. डबी नव्हती. आदल्या रात्री मी तिच्यातली गोळी घेतली होती. सकाळी पर्समध्ये ठेवताना तिचं गार झाकण बोटांना लागलं होतं.

निकेशने डबी उघडली. आत गोळी नव्हती, तळाला पांढरी भुकटी होती.

"पहिल्या पंचनाम्यात कशी दिसली नाही ही?" तो स्वतःशीच म्हणाला. मग मला विचारलं, "दिपाताईंची असेल का? तुम्ही पाहिली होती कधी?"

माझी आहे म्हणावं, तर ती आत कशी आली ते सांगावं लागेल. मी आणली म्हणावं, तर उशीखाली कुणी ठेवली? पलंगाजवळ मी गेलेच नव्हते, चित्रणात तसंच दिसणार. म्हणजे डबी आधीपासून इथे होती, असंच ठरणार. म्हणजे मी आधी कधीतरी इथे येऊन गेले होते. ज्या घरात मला आयुष्यात पाऊल टाकू दिलं नाही त्या घरात.

"आठवत नाही," मी म्हणाले.

शमुएलकाका माझ्याकडे नाही, माझ्या पर्सकडे बघत होते. जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "बेटा, तू दारात हात वर केलेस ना, तसं करायला नको होतं."

"काका, तुम्हीपण? वारा होता तो."

"असेल," ते म्हणाले. "मला वाऱ्याचं काही कळत नाही."

६

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पोलीस ठाण्यात गेले. चित्रण बघायचं आहे म्हणाले. घरमालकाच्या वतीने हजर होते, मला हक्क होता. डबी टेबलावर पारदर्शक पिशवीत होती, लाखेचं सील लावलेली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

निकेशने मोबाइल समोर धरला. पडद्यावर माझी पाठ, माझी वेणी, चार बोटांची अंधारी फट. गोरखहवालदारांचं हसू ऐकू आलं. मी हात वर केले.

फटीतून हात बाहेर आला.

तळवा वर होता, मी जिन्याच्या वळणावरून पाहिला होता तसाच. मग तो उलटा झाला आणि माझ्या खांद्यावर टेकला. काखेखालून गेला, कमरेवरून गेला. फटीपासून माझ्या पाठीपर्यंत कुणाचाही हात पोचणार नाही, हे मलाही कळतं. तो पोचत होता. त्याने कुठे चिमटा काढला नाही, धसमुसळेपणा केला नाही. सभ्यतेचं अगदी काटेकोर भान ठेवून त्याने मला तपासलं. मग दोन बोटांनी पर्सची चेन ओढली, तो आत गेला, आणि मूठ मिटून फटीत परत गेला.

"पुन्हा लावा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"पुन्हा लावा!"

त्याने पुन्हा लावलं. माझी पाठ, माझे वर केलेले हात, साखळी सुटल्याचा आवाज. खांद्यावर उन्हाची एक तिरीप होती, ती हलत कमरेपर्यंत गेली आणि विझली.

"जिन्याच्या खिडकीतून येतंय ऊन," निकेश म्हणाला. तो माझ्याकडे नीट बघायला लागला होता. "मॅडम, तुम्हाला झोप लागते ना नीट?"

७

देवेशला डबी ओळखायला बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडं होतं. तो आला, पिशवी हातात घेतली, उजेडात फिरवून पाहिली. पोपटावर त्याचा अंगठा थांबला.

खोटं बोल, असं मी मनात म्हणत होते. एकदाच. माझ्यासाठी.

पण खोटं न बोलणारा म्हणूनच तर मला तो आवडत होता.

"ही समृद्धीची," तो म्हणाला. "मीच दिली होती. ती यात गोळ्या ठेवते."

मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो माझ्याकडे इतका वेळ, इतकं लक्ष देऊन कधी बघत राहिला नव्हता. त्या नजरेत मी पहिल्यांदा दिपाइतकी महत्त्वाची होते. विठू भिंतीशी उभा होता. तो आता देवेशकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"देवेश, ती माझ्या पर्समध्ये होती. झडतीच्या सकाळपर्यंत होती. मी कधी आत आलेच नाही, तुला माहितीये. तिने मला कधी घेतलंच नाही आत."

"मग ती गेली त्या रात्री साखळी कुणासाठी काढली तिने?" त्याने विचारलं. आवाज चढवला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

निकेशने त्याच्यापुढे सहीसाठी कागद सरकवला. सही करून देवेशने विचारलं, "आता मी घरी जाऊ शकतो? माझ्या घरी?"

"हो," निकेश म्हणाला. "तुमच्या घराचं काम झालं."

मला हेच हवं होतं. मी हेच मागितलं होतं, अर्ज स्वतः लिहून.

८

आज सकाळी बेल वाजली तेव्हा मी जागीच होते. डबी गेल्यापासून मला झोप नाही. गेल्या आठवड्यात सुतार बोलावून मी खोलीच्या दाराला साखळी बसवून घेतली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मोकळं दार सहन होत नव्हतं, एवढंच.

मी साखळीपुरतं दार उघडलं.

निकेश होता. हातात कागद. तो न वाचताच मला कळला. त्याचा नमुना मला पाठ आहे. त्याच्या मागे महिला कॉन्स्टेबल, मोबाइल धरलेले गोरखहवालदार, फोन कानाला लावलेले सेक्रेटरी आणि काठी टेकून उभे शमुएलकाका, दोघे पुन्हा पंच म्हणून आणलेले.

"झडतीचं वॉरंट आहे," निकेश म्हणाला. "बाकीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, जे असेल ते. तुम्ही पद्धतीच्या पक्क्या आहात, म्हणून सगळं रीतसर आणलंय. या वेळी बाईमाणूसही आणलंय. साखळी काढा, मॅडम."

"मी काही केलेलं नाही."

"मग उघडा ना. तुम्हीच म्हणाला होतात, घर उघडलं की माणूस सुटतो."

मी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. फटीतून त्यांना माझा अर्धाच चेहरा दिसत असणार. कायदा मला माहीत होता, त्यांना अडवता येणार नाही हे माहीत होतं. तरी ती जशी उभी राहायची तशीच मी उभी होते, आणि पहिल्यांदाच मला कळलं की त्या फटीमागे उभं राहिलं की किती बरं वाटतं.

"मॅडम, आमी अंगझडती देतो," गोरखहवालदार समजूत घालत म्हणाले. "आज भाजीची पिशवी बी नाय. घ्या, आनि दार उगडा."

त्या सगळ्यांनी हात वर केले. निकेशने, कॉन्स्टेबलने, हवालदारांनी, सेक्रेटरींनीही. एकट्या शमुएलकाकांनी केले नाहीत. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडे, माझ्या खोलीत बघत होते. त्यांनी बोटं माझ्या चौकटीकडे नेली, तिथे काही नव्हतं, तशीच मागे घेतली.

"बेटा," ते म्हणाले, "तू एकटी राहतेस ना?"

"हो."

"मग तिला सांग, मी इथूनच बघतो. मी आत येणार नाही."

मागे पंख्याचा आवाज सुरू झाला. एका ठेक्यात, टक् टक्. माझ्या खोलीत पंखा नाही.

माझे दोन्ही हात दारावर होते. मी खाली पाहून खात्री करून घेतली, दहा बोटं, सगळी माझी. मग माझ्या कानाशेजारून, काखेखालून नव्हे, अगदी कानाशेजारून, थंडगार काहीतरी पुढे गेलं आणि घरच्या बाईने पाहुण्यांसाठी काढावी तशी, न चाचपडता, साखळी काढली.